पोस्टरच्या आधी मोजपट्टी

चौथीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "पिण्याच्या पाण्याच्या नळांपाशी रोज डबकं साचतं, मुलं घसरतात. काय करूया?" दहा मिनिटांत सहा गटांची सहा पोस्टरं तयार! ‘पाणी वाचवा’, ‘परिसर स्वच्छ ठेवा’. अक्षर सुरेख, रंगकाम त्याहून सुरेख. पण हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न एकाही गटाला पडला नव्हता. मुलांची यात काहीच चूक नाही. अडचण दिसली की घोषणा लिहायची, ही सवय आम्हा शिक्षकांनीच त्यांना लावली आहे.

‘लोक विज्ञानाचा उपयोग करून आपल्या अडचणी कशा सोडवतात’ हा विषय मी त्यानंतर वेगळ्या पद्धतीने शिकवायला लागले. तीच पद्धत इथे सांगते. तिसरी ते पाचवीसाठी ती चालते. पाच-सहा तास लागतात, आणि ते सलग न घेता दोन-तीन आठवड्यांत पसरवले तर जास्त चांगलं.

सुरुवातीला फळ्याच्या कडेला चार प्रश्न लिहा आणि विषय संपेपर्यंत पुसू नका: नेमकी अडचण काय? ती कशामुळे होते? काय बदलून बघायचं? फरक पडला हे कशावरून? शेवटच्या प्रश्नाशी मुलं अडखळतात. खरं सांगायचं तर मोठी माणसंही तिथेच अडखळतात. म्हणून प्रत्येक गोष्ट, प्रत्येक प्रयोग या चौथ्या प्रश्नापर्यंत न्यायचाच.

पहिली गोष्ट मी कापडाची घेते, कारण ती लगेच करून बघता येते. बांगलादेशातल्या मतलब भागात लोक तळ्या-नद्यांचं पाणी पीत आणि कॉलऱ्याने आजारी पडत. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या अगदी बारीक जिवांना चिकटून राहतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माहीत होतं. जंतू फार लहान, साध्या कापडातून सहज निसटणारे. पण ते ज्यांच्यावर बसलेले असतात ते जीव त्या मानाने मोठे. साडीचं जुनं कापड चार पदरी घडी केलं तर ते अडकतात. तिथल्या बायका घरी पेयं गाळायला असं कापड वापरतच होत्या, त्यामुळे नवीन वस्तू विकत आणायची गरज नव्हती. 65 गावांत, एक लाखाहून जास्त लोकांमध्ये ही पद्धत तपासली. 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कापडाने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला होता, 48 टक्क्यांनी कमी.

आता वर्गात. बादलीभर पाण्यात वाळलेल्या पानांचा बारीक चुरा टाका आणि शाईचे दहा-बारा थेंब. प्रत्येक गटाला एक पांढरी ताटली आणि सुती कापडाचा तुकडा द्या. आधी एका पदरातून, मग दोन, मग चार पदरांतून तेवढंच पाणी गाळायचं आणि ताटलीत चुऱ्याचे किती कण उतरले ते मोजायचं. मोजायचंच. ‘कमी झाले’ हे उत्तर मी घेत नाही, आकडा मागते. एकदा एका गटाला दोन पदरांत एका पदरापेक्षा जास्त कण मिळाले. मुलांना रडू यायची वेळ आली. पुन्हा केल्यावर कळलं की पहिल्या वेळी पाणी ढवळलंच नव्हतं, सगळा चुरा तळाशी बसला होता. त्या दिवशी वर्गाने स्वतःच नियम केला: प्रत्येक वेळी ओतण्याआधी दहा वेळा ढवळायचं. ‘बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला’ हे मी वर्षभर सांगत होते. ते उमगायला चुकलेला आकडा लागला.

मग शाईकडे बोट दाखवा. चार पदरांतूनही पाणी निळंच. का? मुलं बोलायला लागतात: शाई विरघळलेली आहे, तिचे कण कापडाच्या छिद्रांहून फार लहान आहेत. तसंच पाण्यात सुटे फिरणारे जंतूही निसटतात. म्हणून कॉलरा निम्म्यावर आला, शून्यावर नाही. इथे एक सूचना न विसरता द्या: प्रयोगातलं पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही, आणि कापडाने गाळलेलं पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. उकळणं किंवा शुद्धीकरणाचा दुसरा खात्रीचा उपाय लागतोच.

दुसरी गोष्ट नकाशाची. 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे कुठे झाले ते नकाशावर मांडलं. खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती होती. पण मला मुलांसमोर जास्त ठेवावासा वाटतो तो नकाशातला रिकामा भाग. पंपाजवळच एक मोठं अनाथ-गरिबांचं वसतिगृह होतं. पाचशेहून जास्त माणसं, आणि मृत्यू फक्त पाच. असं कसं? मुलांना विचार करू द्या, उत्तर देण्याची घाई करू नका. त्या वसतिगृहाची स्वतःची विहीर होती.

स्नो यांच्यासोबत हेन्री व्हाइटहेड यांचंही नाव सांगा. ते त्या वस्तीतले तरुण धर्मगुरू. साथ त्या पंपाच्या पाण्यातून पसरते, हे स्नो यांचं म्हणणं त्यांना आधी पटलं नव्हतं. ते चुकीचं आहे हे दाखवायला ते घरोघरी फिरले आणि पुरावे गोळा करता करता त्यांचंच मत बदललं. पंपाशेजारच्या घरातल्या आजारी बाळाची दुपटी धुतलेलं पाणी ज्या खड्ड्यात टाकलं जात होतं, तो खड्डा पंपाच्या विहिरीला लागूनच होता, हा धागा त्यांच्या चौकशीतून सापडला. लोक त्यांना ओळखत होते, म्हणून मनमोकळं बोलले. ‘बाई, म्हणजे त्यांनी हरायला सुरुवात केली आणि जिंकले?’ असं एका मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांनी मत बदललं, आणि विज्ञानात ते हरणं नसतं.

पंपाचा दांडा 8 सप्टेंबर 1854 ला काढला. तोवर साथ ओसरू लागली होती आणि स्नो यांनी स्वतः ते मान्य केलं होतं. हे मुलांपासून लपवू नका. ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण आपल्या चौथ्या प्रश्नापुढे ती टिकत नाही. लहान वर्गात मी मृत्यूंऐवजी आजारी पडलेली माणसं म्हणते, मात्र गोष्ट तीच ठेवते.

नकाशाचा खेळ असा: कागदावर चौकोनी घरं, तीन पंप आणि रस्ते काढा. प्रत्येक मुलाला एकेक चिठ्ठी. त्यावर घराचा क्रमांक, ते कुठलं पाणी भरतात आणि घरात कुणी आजारी आहे का, एवढंच. मुलांनी फिरून एकमेकांना विचारायचं आणि नकाशावर ठिपके द्यायचे. दोन घरं मुद्दाम वेगळी ठेवा: एक पंपाजवळ असून निरोगी, एक लांब असून आजारी. खरी चर्चा त्या दोन घरांवरच रंगते. ती नसतील तर हा नुसता ठिपके जोडायचा खेळ होतो.

तिसऱ्या गोष्टीसाठी लडाख. तिथे पेरणीच्या सुमाराला, एप्रिल-मे महिन्यांत, शेताला पाणी कमी पडतं आणि हिवाळ्यात मात्र ते न वापरता वाहून जातं. अभियंते चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यातलं पाणी अडवून ते गोठवून ठेवण्याची कृत्रिम हिमनद्यांची कल्पना राबवली. पुढे 2013-14 च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बर्फाचा शंकू उभा केला. पाणी उंचावरून नळीने आणलं की स्वतःच्या दाबानेच कारंज्यासारखं वर उडतं, आणि कडाक्याच्या थंडीत पडता पडता गोठतं. शंकूच का? प्रयोग सोपा आहे: एक कप पाणी पसरट ताटलीत, एक कप पाणी पेल्यात, दोन्ही गोठवा. बाहेर काढून दोन सारख्या ताटल्यांत शेजारी शेजारी ठेवा आणि दर दहा मिनिटांनी वितळलेलं पाणी मापाच्या पेल्यात ओतून नोंद करा. पसरट बर्फ आधी संपतो, कारण त्याचा जास्त भाग उघडा असतो. शंकूचा कमी, म्हणून तो पेरणीपर्यंत टिकतो. तिसरीच्या मुलांनाही हे पटतं.

वेळ उरला तर केनियातली मधमाश्यांची कुंपणं सांगा. हत्ती मधमाश्यांना घाबरतात हे ओळखून तिथले शेतकरी शेताभोवती पोळ्यांच्या पेट्या तारेने जोडून टांगतात. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात. मुलांना याचं नाटक करायला फार आवडतं, करू द्या.

या गोष्टी सांगताना एक धोका माझ्याकडूनही झाला आहे: ‘मोठे शास्त्रज्ञ आले आणि बिचाऱ्या लोकांना वाचवलं’ असा सूर लागतो. प्रत्येक गोष्टीत थांबून विचारा, लोकांना आधीपासून काय माहीत होतं? कापड बायकांच्या हातात होतं, घरांची माहिती वस्तीत होती. दुसरी काळजी त्याहून नाजूक. पाण्याची टंचाई किंवा आजार वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या घरी असू शकतो. ‘तुझ्याकडे कसं आहे रे?’ असं सगळ्यांसमोर कधीही विचारू नका. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर ते नीट ऐका.

आणि मग स्वतःच्या शाळेतली अडचण. ती लहान, डोळ्यांना दिसणारी आणि मोजता येणारी हवी. ‘प्रदूषण’ नको. मी पुन्हा नळाच्या डबक्याकडे वळले. मुलांचा ठाम अंदाज होता की नळ गळतो. गळती मोजायला दहा मिनिटं खाली मापाचा पेला धरला. 20 मिलिलिटर. तासाला 120, दिवसाला जवळजवळ तीन लिटर. गुणाकाराचा एवढा उत्साह मी एरवी पाहिलेला नाही. पण दर तासाला डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारली तेव्हा वेगळंच दिसलं: मधल्या सुट्टीपर्यंत जमीन जवळपास कोरडी आणि सुट्टी संपताना डबकं सर्वांत मोठं. दोन मुलींनी सुट्टीभर बाकावर बसून निरीक्षण केलं. बाटल्यांची तोंडं अरुंद, नळ पूर्ण उघडलेला, आणि निम्मं पाणी बाहेर.

पहिला उपाय पायपुसणं. तासाभरात ते भिजून चिंब झालं आणि जागा आणखी निसरडी. काढून टाकलं. दुसरा उपाय एका मुलाने सुचवला: नळ अर्धा उघडला की जिथे येतो तिथे लाल रंगाची खूण. आठवडाभर रेघा मारल्या. आधी डबकं मोजपट्टीने आडवं 140 सेंटिमीटर भरत होतं, ते 60 च्या आसपास आलं. आता पोस्टर लावलं, आणि त्यावर हे दोन आकडे होते.

इथे थांबू नका, महिन्याभराने पुन्हा मोजा. मतलबमध्येही संशोधक पाच वर्षांनी परत गेले होते आणि जेमतेम 31 टक्के बायका अजून पाणी गाळत असल्याचं त्यांना दिसलं. आमच्या नळाचंही तसंच झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर रेघ मारली तर 110. लाल खूण पुसट झाली होती, आणि पहिलीत नव्याने आलेल्या मुलांना ती कशासाठी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती वही, सगळ्या रेघांच्या नोंदींसकट, मी पुढच्या चौथीच्या हातात दिली. पहिल्या तासाला पोस्टर कुणीच काढलं नाही. एकाने खडू मागितला.