प्रार्थना करूनही काहीच होत नाही? या चुका टाळा

'रोज प्रार्थना करतो, पण काही होत नाही,' ही तक्रार चर्चच्या मंडळीत नेहमी ऐकू येते. त्यावर 'विश्वास कमी पडला असेल' हे उत्तर तयारच असतं. मला ते कधी पटलं नाही. बहुतेकदा विश्वास असतो. प्रार्थना कशासाठी, यातच घोटाळा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देवाला माहिती पुरवत बसणं. आजाराचं नाव, रिपोर्टातले आकडे, ऑपरेशनची तारीख, आणि वर देवानं नेमकं काय करावं याच्या सूचना. येशूनं तर स्वच्छ सांगितलंय, की तुम्ही मागण्याआधीच तुमची गरज पित्याला ठाऊक असते (बायबल, मत्तय 6:8). गंमत म्हणजे लगेच पुढच्या वचनात तो प्रार्थना शिकवायला लागतो. ठाऊकच आहे तर मागता कशाला, असं म्हणत नाही. त्या प्रार्थनेचा क्रमही बघा: आधी पित्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, रोजची भाकर चौथी. आपण बसल्या बसल्या भाकरीलाच हात घालतो.

इथं मला बायबलच्या जुन्या करारातली हन्ना आठवते (1 शमुवेल 1). मूल नाही म्हणून शिलो इथल्या मंदिरात ती रडून प्रार्थना करतेय. ओठ हलताहेत, आवाज नाही. एली याजकाला वाटतं, बाई प्यालीय. ती सांगते, मी माझं मन परमेश्वरापुढे ओतलंय. एली तिला शांतीनं जा म्हणतो, ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास दिसत नाही. पुढे झालेला तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नाही! आपली नजर बाळावर असते, म्हणून ते जेवण वाचायचं राहून जातं.

दुसरी चूक गोडगोड बोलण्याची. मनात राग धुमसतोय आणि तोंडानं 'तुझी स्तुती असो'. बायबलमधल्या स्तोत्र 13 च्या पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर?' असं चार वेळा विचारलंय. शेवटच्या वचनात गाणं आहे खरं, पण ते भांडण झाल्यावर. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हेसुद्धा आपण कधी कधी मागणं टाळण्यासाठीच म्हणतो. म्हणजे निराश व्हायला नको. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनं आधी 'हा प्याला', म्हणजे पुढचं दुःख, 'टळू दे' असं मागितलं, मग ते म्हटलं. प्रेषित पौलानंही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, 'माझी कृपा तुला पुरे' एवढं उत्तर आलं. याला 'प्रार्थना ऐकली नाही' म्हणायची घाई करू नये.

झोप येते, मन भरकटतं, याचा फार बाऊ नको. गेथशेमानेत शिष्यही झोपलेच होते. उभं राहा, चाला. डोळे मिटलेच पाहिजेत असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. मन पुन्हा पुन्हा कर्जाकडे धावत असेल तर कर्जाचंच बोला.

शेवटची चूक माझी स्वतःची. प्रार्थनेतून टोमणा मारणं. घरच्या प्रार्थनेत एकदा मी म्हणालो, 'प्रभू, आमच्यातल्या काहींना दिलेला शब्द पाळायला शिकव.' सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण बाण कुणाला लागला ते प्रत्येकाला कळलं. 'आमेन'मध्ये एक आवाज कमी होता. लूक 18 मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) हेच करतो: 'मी या जकातदारासारखा नाही', म्हणून देवाचे आभार. अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तय 5 मध्ये आहे. मला माफी मागायला चार दिवस लागले. त्या चारही दिवशी प्रार्थना केली होती. त्यातली एकही आठवत नाही.