आखातात पहिल्यांदा निघालेल्या पोरांसाठी

आमच्या दापोली-मंडणगड भागात आखातात एकही माणूस नाही अशी वाडी किंवा मोहल्ला शोधून सापडणार नाही. तरी नवीन निघालेल्या पोराला एजंट अर्धंच सांगतो, आणि सुट्टीवर आलेले चुलते-मामे फक्त दिनाराचा भाव सांगतात. मी कुवेतला एसीचं काम करतो. निम्मं काम छतावर, उन्हात. त्यामुळे इथे लिहितोय ते उन्हात राबणाऱ्यांसाठी.

आधी कागद. दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो आणि आखाती देशांत नोकरीला जायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे सरकारची मंजुरी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हेही तिथेच बघता येतं. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. कोणी लाख-दीड लाख मागत असेल, किंवा ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे नोकरीचा बदलून देतो’ म्हणत असेल, तर तिथून उठून या. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत मिळतो; अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. करारावर पगार, ड्युटीचे तास, राहणं-जेवण आणि सुट्टी लिहिलेली हवी. त्या कराराची, व्हिसाची, पासपोर्टची एकेक झेरॉक्स घरच्या कपाटात ठेवा. मोबाईल हरवला की त्यातले फोटोही जातात, आणि तुमच्यासाठी धावपळ करायची वेळ आली तर ती घरच्यांनाच करायची असते.

आता बॅग, आणि हे आईने, काकीने वाचलंच पाहिजे. खसखस द्यायची नाही. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून सौदी, अमिराती, कतार इथे ती अमली पदार्थात धरतात. कुवेतला जाणाऱ्यानेही ती घरीच ठेवावी. आपल्याकडे खसखस कशाकशात असते ते आठवून बघा: डिंकाचे लाडू, करंजीचं सारण, मालवणी मसाला. पुडी वेगळी बांधली नाही म्हणजे झालं असं नाही. पोरगा जायचा असेल तर मसाला खसखस वगळूनच कुटा, चवीत फारसा फरक पडत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलच्या वेदनाशामक गोळ्या, गुटखा, दारू यातलं काहीही नको. आणि विमानतळावर ‘माझ्या भावाला एवढी पिशवी द्या’ म्हणणारा शेजारच्या गावचा असला, तरी पिशवी उघडून बघितल्याशिवाय हातात घ्यायची नाही.

न्यायचं काय, तर कुळथाचं पीठ आणि आमसुलं. ड्युटीवरून आल्यावर दहा मिनिटांत पिठी होते, भाताबरोबर किंवा बकाल्यातून (तिथलं किराणा दुकान) आणलेल्या खुबुसबरोबर (तिथली रोटी). उकड्या तांदळाची काळजी नको, केरळी दुकानात त्याच जातीचा मिळतो. सुकट नेणार असाल तर खोलीतल्या इतरांना आधी विचारा. एका खोलीत सहा-आठ जण राहतात, आणि चुलीवरून झालेली भांडणं महिनोन् महिने पुरतात.

आता उन्हाचं, कारण खरा धोका तिथे आहे. आपल्याला उकाडा नवा नाही, आणि म्हणूनच आपली पोरं फसतात. मे महिन्यात बागेला शिंपण करताना बनियन पिळायची वेळ येते. घाम दिसतो, म्हणून माणूस आपोआप सावलीत येतो, तांब्याभर पाणी पितो. कुवेतमध्ये जून-जुलैत वाळवंटावरून कोरडा वारा येतो आणि घाम तिथल्या तिथे सुकतो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, फक्त कॉलरवर मिठाचा पांढरा पट्टा. पोराला वाटतं आपल्याला काही झालंच नाही. पाणी तर अंगातून जातच असतं. २१ जुलै २०१६ ला तिथल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तेवढं रोज नसतं, पण ४५च्या पुढे तर उन्हाळाभर असतं.

म्हणून तहानेची वाट बघू नका. दर वीस मिनिटांनी कपभर पाणी, घड्याळ बघून. लघवी गडद पिवळी झाली की समजा उशीर झाला. रात्री चार-पाच आमसुलं, मीठ आणि थोडी साखर पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळून बाटलीत भरा. ओआरएसची पाकिटंही जवळ ठेवा. पहिले आठ-दहा दिवस शरीर सवय करून घेत असतं, तेव्हा जड काम थोडं थोडं वाढवायला फोरमनला स्पष्ट सांगा. छतावर एसीच्या युनिटचा पत्रा सकाळी दहालाच चटका देतो, म्हणून हातमोजे घाला आणि पाने-पकडी सावलीत ठेवा. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल जायला लागला, तर त्याला सावलीत ओढा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि अँब्युलन्स बोलवा. कुवेतमध्ये नंबर ११२. ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ म्हणत बसू नका.

दुपारच्या कामबंदीचा कायदा आहे, तो पाठ करा. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते ४, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर १० ते साडेतीन, अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन. या वेळेत उघड्यावर काम करून घेता येत नाही, आणि छत म्हणजे उघड्यावरच.

एक युक्ती तिथे सगळे जुने लोक करतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. मेअखेरीस गीझरचा स्विच बंद करून टाका. गीझर खोलीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी निवतं, आणि आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. उलट डिसेंबर-जानेवारीत वाळवंटाची थंडी हाडात शिरते, एक जाड स्वेटर घरूनच न्या.

खोली मिळाली की पहिल्या दिवशी जिना बघा, गच्चीचं दार उघडतं का बघा. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात ४५ भारतीय गेले, बरेचसे धुराने गुदमरून. एका एक्स्टेन्शन बोर्डावर हॉटप्लेट, कुकर आणि चार चार्जर लावलेले मी कितीतरी खोल्यांत बघतो, आणि प्रत्येक ठिकाणी बोलतो. तुम्हीही बोला. वाईटपणा आला तरी चालेल.

पैशाचं थोडक्यात: बँकेत एनआरई, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं उघडा, नॉमिनी घाला. त्या खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही. हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरून माणसामार्फत पाठवलेल्या पैशाचा कागद नसतो, पुढे घराला कर्ज काढताना तो लागतो. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, कंपनीने व्हिसाच्या स्टॅम्पिंगला घेतला तर काम झाल्यावर परत मागा. एका कफीलच्या (व्हिसा देणारा मालक) व्हिसावर दुसरीकडे काम धरू नका, मग फरारीची केस लागते आणि तुमची बाजू कोणी ऐकत नाही.

सुट्टी ईदची असो, गणपतीची किंवा शिमग्याची, अर्ज तीन महिने आधी द्या. कुवेतमध्ये १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला देश सोडायला एक्झिट परमिट लागतं. मंदूबच्या (कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस) मागे लागून कंपनीची मंजुरी आधी घ्या. गणपतीत कोकण रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता भरतं, म्हणून मुंबई ते खेडचं तिकीट घरच्या कोणालातरी त्याच सकाळी काढायला सांगा.