चिली ग्रेव्हीतले चीज एंचिलाडा: टेक्सासच्या घरातलं रात्रीचं जेवण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी चुली मांडून मिरचीच्या रश्शात शिजवलेलं मांस विकायच्या. ‘चिली क्वीन्स’ म्हणून त्या ओळखल्या जात. 1890च्या दशकात जवळच्याच न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने त्या चवीचा तयार मसाला बाजारात आणला. अमेरिकन घरातली मैद्याची ग्रेव्ही आणि हा मसाला एकत्र आले, की चिली ग्रेव्ही होते. एंचिलाडा म्हणजे चीज किंवा मांस भरून गुंडाळलेली, रश्शात माखलेली मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी. मेक्सिकोत त्यासाठी सहसा भिजवलेल्या सुक्या मिरच्या वाटून रस्सा करतात, मैद्याची गरज पडत नाही. त्यामुळे हा पदार्थ ‘अस्सल मेक्सिकन नाही’ हे खरंच, पण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. तो टेक्सासचा आहे आणि तिथे तो असाच करतात.

चार माणसांना 12 एंचिलाडा पुरतात. त्यासाठी लागेल: 15 सेंटिमीटरच्या 12 मक्याच्या टॉर्टिया, 400 ग्रॅम पिवळं चेडर चीज, एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून. ग्रेव्हीला 4 टेबलचमचे तेल, 4 टेबलचमचे मैदा, 600 मिलि चिकनचं किंवा भाज्यांचं पाणी, 3 सपाट टेबलचमचे चिली पावडर, 2 चहाचे चमचे जिरेपूड, 1 चमचा लसूण पावडर, अर्धा चमचा ओरेगॅनो, अर्धा चमचा मिरपूड आणि मीठ.

आधी मिरचीचं बोलू

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. अमेरिकेत ‘चिली पावडर’ म्हणून जी बाटली मिळते, ते आपलं लाल तिखट नव्हे. सौम्य सुक्या मिरच्या, जिरे, ओरेगॅनो आणि लसूण यांचा तो मिश्र मसाला असतो. पाककृतीत तीन टेबलचमचे वाचून तेवढं लवंगी किंवा गुंटूर मिरचीचं तिखट घातलं, तर पातेलं तसंच बाजूला ठेवावं लागेल. भारतात 2 टेबलचमचे गोड पापरिका (तिखट नसलेली लाल मिरचीपूड) आणि 1 टेबलचमचा काश्मिरी मिरचीपूड घ्या. तिथल्या मसाल्यात बहुधा अँचो मिरची असते. तिला मनुकांसारखा गोडसर, किंचित कडवट वास असतो. तो हवा असेल तर पाव चमचा बिनसाखरेची कोको पावडर घाला, त्याहून जास्त नको. अमेरिकेत राहत असाल आणि बाटलीतली पावडर वापरत असाल, तर जिरेपूड निम्मी करा, कारण जिरे त्यात आधीच असतात.

ग्रेव्ही

जाड बुडाच्या पातेल्यात तेल मध्यम आचेवर तापवा, मैदा घाला आणि सतत ढवळत 3-4 मिनिटं भाजा. रंग फिकट बदामी झाला आणि कच्च्या पिठाचा वास गेला, की आच बंद करा. मसाले त्यानंतरच घालायचे. गरम तेलात मिरचीपूड काही सेकंदांत करपते, आणि ते कडूपण मग कशानेही झाकत नाही. अर्धा मिनिट हलवा, मग पाणी थोडं थोडं ओता. पिठल्याला गुठळ्या का होतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना इथे वेगळं सांगायला नको: पहिली वाटी पाणी पूर्ण मिळून येईपर्यंत दुसरी ओतायची नाही. आता पुन्हा आच लावून मंद उकळीवर 15 मिनिटं ठेवा. पळीच्या पाठीवर पातळ थर धरला आणि त्यावर बोट फिरवल्यावर रेघ टिकली, की झाली. गार झाल्यावर ती घट्ट होते, म्हणून वाढण्याआधी अर्धी वाटी गरम पाणी हाताशी असू द्या.

टॉर्टिया

आपलं मक्याचं पीठ इथे चालत नाही. टॉर्टियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन मग दळतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं आणि पीठ चिकटून राहतं. साध्या पिठाची टॉर्टिया गुंडाळताना हमखास तडकते. दुकानात ‘मासा हरिना’ नावाचं पीठ मागा. त्याचे 2 कप, अर्धा चमचा मीठ आणि सुमारे दीड कप कोमट पाणी मळून ओल्या फडक्याखाली 20 मिनिटं ठेवा. गोळी दाबली आणि कडेला भेगा पडल्या, तर पाणी कमी आहे. सुमारे 35 ग्रॅमच्या गोळ्या दोन प्लॅस्टिकच्या कागदांत जाड बुडाच्या थाळीने दाबा, कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी मिळून दीड मिनिट भाजा. या मापात 15-16 होतात. जास्तीच्या गरम गरम खाल्ल्या जातातच.

तयार टॉर्टिया असतील तर आदल्या दिवशीच्या जास्त चांगल्या, कारण त्यांतली ओल कमी झालेली असते.

तेलातला डुबा टाळू नका

एंचिलाडाचा लगदा होतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. पसरट पॅनमध्ये एक सेंटिमीटर तेल तापवून प्रत्येक टॉर्टिया प्रत्येक बाजूला 5 ते 8 सेकंद बुडवा. ती लवचीक होते आणि वर तेलाचा पातळ थर बसल्याने ग्रेव्ही लगेच आत मुरत नाही. पंधरा-वीस सेकंद राहिली तर मात्र पापडासारखी कडक होऊन गुंडाळताना मोडेल. मायक्रोवेव्हमध्ये नुसती मऊ केली तर गुंडाळता येते, पण भट्टीत भिजून फाटते.

निथळलेल्या टॉर्टियावर साधारण 25 ग्रॅम चीज आणि चमचाभर कांदा ठेवून गुंडाळा, जोड खाली येईल अशा रीतीने ट्रेमध्ये चिकटून मांडा. ट्रेच्या तळाला आधी एक पळी ग्रेव्ही पसरा. उरलेली ग्रेव्ही वर ओतताना कडा कोरड्या राहू देऊ नका, त्या चामड्यासारख्या होतात. वरून 100 ग्रॅम चीज. 200 अंश सेल्सिअसला 12 ते 15 मिनिटं, कडेला बुडबुडे येईपर्यंत. ओव्हन नसेल तर जाड पसरट पॅनमध्ये झाकण ठेवून मंद आचेवर 8-10 मिनिटं.

चीज घरीच किसा. किसून मिळणाऱ्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि ते नीट वितळत नाही. जुनं चेडर जास्त तापलं की तेल सोडतं. एक तृतीयांश प्रोसेस्ड चीज मिसळलं तर ते एकजीव राहतं.

सोबत भात आणि घोटलेल्या घेवड्याची उसळ असते. तिथल्या पिंटो घेवड्याऐवजी चित्रा राजमा घ्या: मऊ शिजवून, कांदा परतलेल्या तेलात थोड्या पाण्यासह घोटा, पळीवरून सावकाश ओघळेल इतपत पातळ ठेवा. कच्चा कांदा वरून भुरभुरून ताटं लगेच वाढा, कारण दहा मिनिटांत चीज घट्ट होतं.