सी जुन झी तांग: सतत थकवा आणि नाजूक पोट यासाठीचा चिनी काढा घरी कसा उकळायचा

आधी हा काढा कोणासाठी ते बघू, कारण बनवायला सोपा आहे पण चुकीच्या माणसाने प्यायला तर नुसतं पोट फुगून बसेल. चिनी वैद्यकात एक ठरलेलं चित्र आहे, माणूस दिवसभर गळालेला, आवाज बारीक, चेहरा फिकट, जेवायची इच्छा नाही, थोडं खाल्लं तरी जड वाटतं आणि शी पातळ होते. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ती फिकट आणि सुजल्यासारखी, कडेला दातांचे ठसे, वर पातळ पांढरा थर. हे सगळं जुळलं की तिथले वैद्य म्हणतात प्लीहेची ‘ची’, म्हणजे शरीर चालवणारी शक्ती, कमी पडलीय (त्यांची प्लीहा म्हणजे आपल्या शरीरशास्त्रातली प्लीहा नाही बरं का, पचनाचं अख्खं खातं तिच्या नावावर आहे) आणि मग पहिला हात जातो तो सी जुन झी तांगकडे. उलट तुम्हाला ॲसिडिटी, तोंडाला कोरड, कडक शी, जिभेवर जाड पिवळा थर असं काही असेल तर हा काढा तुमचा नाही, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आणि महिनोन्महिने थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी१२ बघून घ्या. आपल्यातल्या शाकाहारी लोकांचं बी१२ कमी निघणं काही नवीन नाही आणि ते काढा पिऊन भरून येणार नाही.

आता सामान. चारच गोष्टी. रेन शेन म्हणजे जिनसेंग, बाय झू नावाचं एक मूळ, फू लिंग ही पाइनच्या मुळांवर जमिनीखाली वाढणारी बुरशी, आणि मधात परतलेलं गान साओ म्हणजे आपलं ज्येष्ठमधच. चीनच्या सोंग राजवटीतल्या (साधारण दहावं ते तेरावं शतक) सरकारी औषधालयाच्या संग्रहात हा काढा आहे, तिथे चारही सारख्या प्रमाणात घेऊन कुटायचे, थोडी पूड कपभर पाण्यात टाकून सात-दशांश उरेपर्यंत आटवायची आणि चिमूटभर मीठ घालून प्यायचं असं दिलंय. आज साधारण एका दिवसाचं प्रमाण पहिल्या तिन्ही गोष्टी 9-9 ग्रॅम आणि ज्येष्ठमध 6 ग्रॅम असं धरतात, पण वैद्य माणूस बघून कमीजास्त करतो आणि ते त्यालाच करू द्यावं.

मी दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला राहते, इथे जुन्या औषधांच्या दुकानात भिंतभर छोट्या ड्रॉवरचं कपाट असतं, माणूस चिठ्ठी बघत एकेक ड्रॉवर ओढतो, हातातल्या छोट्या तराजूवर तोलतो आणि कागदावर ढीग मांडत जातो, एक ढीग म्हणजे एक दिवस. पुडी बांधायच्या आधी ढीग नीट बघून घ्यायचे. फू लिंग पांढरे चौकोनी तुकडे किंवा काप, खडूसारखे दिसतात पण दाताखाली चिकटतात. बाय झू घेताना कोंड्यात परतलेलंच मागायचं, ते पिवळसर तपकिरी असतं आणि खमंग वास येतो. कच्चं बाय झू भरपूर प्रमाणात दिलं की पोट साफ करायला वापरतात म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलटं. कुठलीही मुळी संशयास्पद पांढरीफेक असेल आणि नाकाला आंबट झोंबणारा वास येत असेल तर तिला गंधकाची धुरी दिलेली असणार, ती नको.

जिनसेंगच्या बाबतीत दुकानदार तुम्हाला लाल डब्यातलं महागडं काहीतरी दाखवणारच, त्याला भुलू नका. रोजच्या थकव्यासाठी इथले बरेच वैद्य रेन शेनच्या जागी डांग शेन लिहून देतात, ते वेगळं झाड आहे, सौम्य आहे, खूप स्वस्त आहे आणि चवीला गोडसर, फक्त प्रमाण जरा जास्त घेतात. माझं मत विचाराल तर घरगुती वापराला डांग शेनच बरं. अमेरिकन जिनसेंग मात्र या काढ्यात टाकू नका, ते त्यांच्या हिशोबाने थंड पडतं.

ज्येष्ठमध मधात परतलेलं तयार मिळतं, पण घरी करायचं तर 100 ग्रॅम कापांना 25 ग्रॅम मध हे चिनी फार्माकोपियातलं, म्हणजे सरकारी औषधकोशातलं, प्रमाण आहे. मधात थोडं गरम पाणी घालून पातळ करायचं, काप त्यात चोळून झाकून ठेवायचे, मध आत मुरला की जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर हलवत राहायचं. आधी सगळं चिकट गोळा होतं आणि वाटतं वाया गेलं, पण हलवणं थांबवायचं नाही, हळूहळू काप सुटे होतात, रंग गडद पिवळा होतो, आणि हाताला चिकटेनासे झाले की गॅस बंद. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत.

आता उकळणं, खरी मेहनत इथेच आहे. भांडं मातीचं किंवा चिनी मातीचं घ्या, नसेल तर स्टील किंवा इनॅमल चालेल पण लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. औषधं नळाखाली खसखसून धुवायची नाहीत, फार तर एकदा पटकन पाण्यातून काढायची. गार पाणी औषधांच्या वर दोन-तीन बोटं येईल इतकं घालायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं, हे लोक नेहमी टाळतात आणि मग फू लिंग आतून कोरडंच राहतं. थेट गरम पाणी ओतायचं नाही. मग मोठ्या आचेवर उकळी आणायची, फेस वर येतो तेव्हा समोरून हलायचं नाही नाहीतर उतू जाऊन शेगडीवर गोड चिकट थर बसतो. उकळी आली की आच एकदम बारीक करून झाकण किंचित तिरकं ठेवून पाऊण तास. सर्दीच्या काढ्यांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात कारण त्यातला सुगंध उडून जाऊ द्यायचा नसतो, ताकदीच्या काढ्यांचं उलट, त्यांना वेळ लागतो. गाळून घ्या, साधारण एक पेला निघेल. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी, थोडं कमी, अर्धा तास उकळा, गाळा, आणि दोन्ही पाणी एकत्र करून मग त्याचे दोन भाग करा, कारण पहिलं पाणी दाट आणि दुसरं पातळ असतं, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असं प्यायलं तर दोन वेळचं औषध सारखं होत नाही. खरं महागाचं जिनसेंग आणलंच असेल तर ते पातळ कापून वेगळ्या छोट्या वाटीत वाफेवर शिजवायचं आणि ते पाणी शेवटी मिसळायचं, नाहीतर बाकीची मुळंच ते पिऊन टाकतात. राहिलेले काप चावून खायचे, टाकायचे नाहीत.

प्यायचं कोमट, जेवणाच्या आधी. चव गोडसर, थोडी मातकट, कडू अजिबात नाही, चिनी काढ्यांच्या मानाने लाडच आहेत. जिनसेंगबरोबर मुळा आणि कडक चहा टाळा असं इथे कोणीही सांगेल, म्हणजे काढ्यावर लगेच आपला उकळलेला चहा नको.

पिऊन पोट फुगत असेल तर नुसता हाच काढा रेटत बसू नये. सोंग काळातच च्यान यी नावाच्या बालवैद्याने यात वाळवलेली संत्र्याची साल, चेन पी, टाकून लहान मुलांसाठी प्रकार केला होता, आणि ग्वांगचौजवळच्या शिन्हुईची जुनी मुरलेली साल तर प्रसिद्धच आहे. मळमळ आणि कफही असेल तर चेन पी आणि बान शिया नावाचा एक कंद दोन्ही घालून सहा औषधांचा काढा होतो, जपानमध्ये तो आलं आणि खजुरासारख्या लाल बोरांसकट रिक्कुन्शितो नावाने डॉक्टर लिहून देतात. बान शिया मात्र कच्चं विषारी असतं, ते प्रक्रिया केलेलंच लागतं, घरी प्रयोग नकोत.

सर्दी-ताप आला की काढा बंद. चोर (म्हणजे आजार) घरात असताना दार लावून घेऊ नये, असं इथल्या वैद्यांचं म्हणणं.

आणि हा भाग उडी मारून जाऊ नका. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की काही लोकांचं बीपी वाढतं, पोटॅशियम खाली येतं, पाय सुजतात, म्हणून बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, लघवी होण्याच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जिनसेंगचं वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या औषधाशी आणि साखरेच्या औषधांशी जमत नाही. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असलंच पाहिजे, 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत मिळत्याजुळत्या नावाची भलतीच मुळी गेली आणि शंभरच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या.

साधारण आठवडाभर घेऊन पुन्हा वैद्याला दाखवायचं असतं, भूक सुधारली का आणि शी बांधून होते का हे दोनच प्रश्न तो आधी विचारेल, ताकद त्यानंतर येते. उकळायला वेळ नसेल तर इथली दुकानं काढा करून सीलबंद पाऊचमध्ये देतात, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि पाऊच गरम पाण्यात बुडवून कोमट करायचा, घरी केलेला मात्र त्याच दिवशी संपवायचा.