शाळेत घरातली कामे शिकवताना या चुका टाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवलेले आहेत, आणि महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभव हा विषय तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे तासिका उपलब्ध आहेत. सोलापुरातील एखाद्या शाळेने त्या तासिकांत भाकरी, शिलाई, पाणी आणि वीज हे विषय घ्यायचे ठरवले, तर तो उपक्रम फसण्याची कारणे बहुधा शिकवण्याच्या पद्धतीतच सापडतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बाईंनी करून दाखवायचे आणि वर्गाने भोवती उभे राहून पाहायचे. ज्वारीच्या भाकरीचेच घ्या. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने पीठ आपोआप एकजीव होत नाही. आधणाच्या पाण्याने त्यातील स्टार्च काही अंशी शिजतो आणि त्यामुळे चिकटपणा येतो. थापताना भाकरी कडेला चिरली, तर पाणी कोमट होते, मळणे कमी पडले किंवा पीठ जुने होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती, यांपैकी नेमके काय झाले हे ज्याच्या हाताखाली ती चिरली त्यालाच शोधू द्यावे. गिरणीतून नुकतेच दळून आणलेले आणि महिनाभर डब्यात राहिलेले अशी दोन पिठे शेजारी ठेवली, तर हा पाठ फारसे न बोलताही होतो. भाकरी फुगली नाही, तर तवा पुरेसा तापला होता का, थापताना ती एका बाजूला जाड राहिली का आणि चिरेतून वाफ निसटली का, हे क्रमाने तपासायला सांगावे. शेंगाचटणीबरोबर खाल्ली जाणारी कडक भाकरी ही निराळी कारागिरी आहे. पहिल्या दिवशी तिच्या नादी लागू नये.

दुसरी चूक जुनीच आहे: मुलींपुढे परात आणि मुलांच्या हाती पक्कड. ज्या शहरात गणवेश शिवण्याच्या कारखान्यांत पुरुषही शिलाई मशीनवर बसतात, तेथे सुईदोरा मुलींचाच मानण्याला काय आधार आहे? तयार शर्टाचे बटण पुष्कळदा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेले असते, म्हणून मागचे सुटे टोक ओढले गेले की ते सगळे उसवते. बटण पुन्हा लावताना मुले दोरा फार आवळतात आणि मग ते काजात बसत नाही. बटणाखाली काडेपेटीची काडी धरून टाके घालावेत, काडी काढून खालच्या दोऱ्याला वेढे द्यावेत आणि नंतरच गाठ मारावी.

पाण्याच्या पाठात ‘नळ बंद ठेवा’ असे फलक रंगवून घेण्यात वेळ घालवू नये. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे घरोघरी ते साठवावे लागते, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, ते घासावेही लागते. एका पिंपाची आतली कड प्रत्येकाकडून घासून घ्यावी.

विजेचे काम २३० व्होल्टवर सुरू करू नये. जोडण्या आधी टॉर्चच्या सेलवर शिकवाव्यात. वीजबिल वाचायला शिकवताना मात्र वापरलेल्या युनिटला दराने गुणून थांबण्याची चूक हमखास होते. स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क यांमुळे ते उत्तर बिलाशी जुळत नाही आणि मुलांना बिलच चुकीचे वाटते. ७५ वॅटचा पंखा सुमारे तेरा तासांत एक युनिट खातो, हे गणित एप्रिलच्या उन्हाळ्यात कोणालाही पटकन समजते.

सिलिंडरच्या गॅसबाबत एवढेच पुरे: वास आला तर कोणतेही बटण चालू-बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडून १९०६ वर कळवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, हे कारण सांगितल्याखेरीज खालचे दार का उघडायचे ते मुलांना समजत नाही.

मूल्यमापनात सजवलेल्या प्रकल्पवहीला गुण दिले, तर वही घरचेच कोणीतरी पूर्ण करून देते. त्याऐवजी महिन्याभराने प्रत्येकापुढे तुटक्या बटणाचा शर्ट, गळका नळ किंवा चिरलेली भाकरी ठेवावी, आणि दुरुस्ती करण्यापूर्वी बिघाडाचे कारण तोंडी विचारावे.