जुना बेलीबोर्ड हाती लागलाय? ओळख पटेपर्यंत या चुका टाळा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये, कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) किंवा चॅरिटी शॉपच्या एखाद्या कोपऱ्यात साधारण चार फूट लांब, फूटभर रुंद अशी पातळ लाकडी फळी उभी केलेली दिसते. एक टोक गोलसर, बहुतेक वेळा वर वळलेलं. हाच बेलीबोर्ड. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, लाट फुटून आली की फळी पोटाशी धरून तिच्यावर झेपावायचं आणि थेट वाळूपर्यंत यायचं. १९७१ मध्ये टॉम मोरी यांनी हवाईत फोमचा बूगी बोर्ड बनवला. त्याआधी कित्येक ब्रिटिश कुटुंबांसाठी लाटेवर स्वार होणं म्हणजे हीच फळी.

तुम्ही तिकडे राहत असाल किंवा सुट्टीत गेला असाल आणि अशी फळी मिळाली, तर सर्वांत मोठी चूक पहिल्याच संध्याकाळी होते.

घरी आणल्या आणल्या घासायला घेणं

पॉलिश पेपर बाजूला ठेवा. बोर्डाचं वय आणि गाव सांगणारी प्रत्येक खूण वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असते: पुसट झालेला ट्रान्सफर (चिकटवलेलं छापील चित्र), ब्रशने लिहिलेली आद्याक्षरं, भाड्याने द्यायच्या फळीवरचा नंबर, मागे पेन्सिलीने लिहिलेली किंमत. ती एकदा घासली गेली की परत येत नाही. शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. त्याची धूळ श्वासावाटे आत जाणं मुलाबाळांच्या घरात मुळीच परवडणारं नाही. मऊ कापड गोड्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून पुसा आणि सावलीत वाळवा. पहिल्या दिवशी एवढंच करा.

मग फळी उलटी करा, खिडकीजवळ न्या आणि टॉर्चचा उजेड तिरपा पाडा. समोरून न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात उठून दिसतात. '१२/६' असं काही दिसलं तर ते १२ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे जुन्या हिशेबात साडेबारा शिलिंग. ब्रिटनमध्ये दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला आलं, म्हणजे ती किंमत त्याआधीची. फोन नंबरही असाच कामाला येतो. कॉर्नवॉलमधल्या न्यूक्वे गावाचा कोड पूर्वी ०६३७ होता, एप्रिल १९९५ मध्ये तो ०१६३७ झाला. 'जुना' म्हणून विकल्या जाणाऱ्या बोर्डाच्या लेबलवर ०१६३७ असेल, तर निदान ते लेबल तरी १९९५ च्या आसपासचं किंवा नंतरचं.

विक्रेत्याची गोष्ट वयाचा पुरावा मानणं

पहिल्या महायुद्धानंतर कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थला शवपेट्या बनवणाऱ्या एका सुताराने सुरुवातीचे बोर्ड केले, असं सांगितलं जातं. गोष्ट मोठी गोड आहे, म्हणून ती जवळजवळ प्रत्येक फळीला चिकटवली जाते. तुमच्या हातातली फळी त्या काळातली आहे का, हे लाकूड आणि स्क्रू सांगतील.

सुरुवातीच्या फळ्या बऱ्याचदा अखंड लाकडाच्या आणि सपाट असत. तडकू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. त्या पट्ट्यांचे स्क्रू भिंगाखाली पाहा. डोक्यावर एकच सरळ खाच असेल तर फळी जुनी असू शकते, पण तेवढ्यावर ठरवू नका, कारण तसे स्क्रू आजही मिळतात. प्लससारखा स्टार स्क्रू असेल, आणि त्या प्लसच्या चार भुजांच्या मधे आणखी चार बारीक रेघा असतील, तर तो पोझिड्राइव्ह, म्हणजे १९६० च्या दशकातला किंवा नंतरचा. अर्थात दुरुस्तीत एखादा स्क्रू बदललेला असू शकतो, म्हणून सगळे बघा. लोखंडी स्क्रूभोवती लाकूड काळं पडलेलं असेल तर तो बरीच वर्षं तिथेच आहे.

फक्त वळलेल्या टोकावरून साल ठरवणं

लाकूड वाफेवर वाकवून टोक वळवलेले प्लायवूडचे बोर्ड आजही नव्याने बनतात, त्यामुळे वळणावरून काही ठरत नाही. कडा पाहा. आतल्या थरांत कीड लागून बारीक भोकं पडली असतील, तर आत जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस असण्याची शक्यता वाढते. किडीला असं जुनं प्लायवूड फार आवडतं, पुढच्या काळातला कृत्रिम डिंक तेवढा नाही. भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. तो बोर्ड इतर लाकडी सामानापासून लांब ठेवा.

झीज कुठे आहे तेही तपासा. खऱ्या वापरलेल्या बोर्डावर टोकाशी हातांची पकड, मधे पोटाचं घासणं आणि मागच्या कडेला वाळूने झालेली बोथट धार असते. सजावटीसाठी मुद्दाम जुनाट केलेल्या फळीवर ओरखडे सगळीकडे सारखे पसरलेले दिसतात.

रुंद आणि मागे फिन (माशाच्या परासारखा छोटा उभा तुकडा) लावलेला बोर्ड असेल तर तो हवाईचा पायपो, म्हणजे तिकडची पोटावर झोपून चालवायची फळी, किंवा त्या धाटणीचा असू शकतो. त्याला ब्रिटिश बोर्डाच्या मापाने तोलू नका.

दुरुस्तीची घाई

टोकाचं वळण सपाट झालंय म्हणून उकळतं पाणी ओतू नका. सरस उष्णतेने आणि पाण्याने सुटतो, आणि वळणाऐवजी पापुद्रे हातात येतात. पापुद्रे आधीच सुटले असतील तर आतलं मीठ गोड्या पाण्याने काढा, पण सरसाचा संशय असेल तर ओल्या कापडापलीकडे जाऊ नका. पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. समुद्रात न्यायचा असेल तर पांढरा साधा फेव्हिकॉल चालणार नाही, जलरोधक डिंकच हवा. भिंतीवर लावायचा असेल तर फळीला नवं भोक पाडू नका. खाली दोन लाकडी खुंट्या पुरतात, फक्त हीटर आणि उन्हापासून दूर.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही, तर पुढची-मागची बाजू, कडा आणि स्क्रूचे जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. डेव्हनमध्ये ब्राँटनला ब्रिटिश सर्फिंगचं संग्रहालय आहे. तिथे विचारताना असे फोटो सोबत असले की उत्तर देणाऱ्यालाही काहीतरी ठोस हाताशी येतं.