लहान चणीची घोडी बॅरल रेसिंगसाठी भरवावी का?

टेक्सास आणि ओक्लाहोमामध्ये ज्यांच्या मुली बॅरल रेसिंग (तीन पिंपांना म्हणजे बॅरलांना वळसे घालत घोडा पळवण्याची, वेळेवर ठरणारी शर्यत) करतात, त्यांच्या तबेल्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि अशा घरांत आता काही मराठी घरेही आहेत. घोडी मनापासून पळणारी असते, पण अंगाने लहान, साडेतेरा-चौदा हँडांची (एक हँड म्हणजे चार इंच) असते. तिचे वय होत चालले की तिला भरवून, म्हणजे घोड्याकडून गाभण करून, तिचे एखादे शिंगरू घ्यावे असे सर्वांना वाटू लागते. चर्चा मात्र उंचीवरच अडून राहते. उंचीचा विचार करावाच लागतो, पण ज्या गोष्टींमुळे सरळ नकार द्यावा लागतो त्या आधी तपासून घ्याव्यात, कारण पुष्कळदा त्यानंतर उंचीपर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

प्रथम घोडीच्या वेळांची वही काढावी. वेगवेगळ्या रिंगणांत, वेगवेगळ्या मातीवर आणि शक्य असल्यास दोन निराळ्या स्वारांच्या हाताखाली तिने काय वेळ दिली, हे कागदावर मांडावे. गटवार स्पर्धांत धावेच्या वेळेनुसार गट पाडतात; सर्वांत वेगवान वेळेपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला की घोडा दुसऱ्या गटात जातो. आपली घोडी सातत्याने या अर्ध्या सेकंदाच्या आत राहते काय, हे त्या वहीतून स्पष्ट दिसते. जी घोडी केवळ आपल्या मुलीखाली आणि घरच्याच रिंगणात चांगली पळते, तिच्या यशात मुलीच्या मेहनतीचा वाटा मोठा असण्याची शक्यता असते, आणि ती मेहनत शिंगरात उतरत नाही. हीच घोडी शेजाऱ्याची असती, तर तिच्या न जन्मलेल्या शिंगरासाठी आपण पैसे मोजले असते काय, असे घरातल्या प्रत्येकाला एकेकट्याने विचारावे.

त्यानंतर पाय. आमच्या घोडीच्या बाबतीत निर्णय येथेच झाला. ती साधारण 13.3 हँडांची (13 हँड आणि 3 इंच) होती आणि पहिल्या बॅरलभोवती अशी बसून वळायची की तिच्या मागच्या खुरांनी उकरलेल्या मातीत वीतभर खोल चर पडे. मात्र त्या वर्षी घट्ट जमिनीवर डाव्या वळणात तिचा पुढचा डावा पाय किंचित आखूड पडू लागला होता, आणि आम्ही तो नालबंदाचा दोष समजून दोन महिने घालवले. एक्स-रेमध्ये खुराच्या आतल्या नाव्हिक्युलर हाडात बदल दिसले. बॅरल रेसिंगमध्ये नेहमी दिसणाऱ्या क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीत हा आजार ओळखीचा आहे, आणि जड अंगाखाली लहान खूर असतील तर धोका वाढतो. खुरांची अशी ठेवण पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता असते, म्हणून आम्ही तिला भरवली नाही. त्याचे वाईट वाटले, परंतु लंगडेपणामुळे पळणे थांबले आणि ‘आता निदान शिंगरू तरी’ म्हणून घोडी भरवली, असे घडू नये हे मला अगदी कळकळीने सांगावेसे वाटते.

घोडी क्वार्टर हॉर्स असेल तर आनुवंशिक तपासणी टाळू नये. आयाळीचे मुळासकट उपटलेले केस डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाठवले की काम होते. हर्डा (कातडी सहज फाटण्याचा विकार) आणि जीबीईडी (शिंगराला जगू न देणारा साखरसाठ्याचा विकार) हे विकार आई आणि बाप या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच शिंगरात प्रकटतात, त्यामुळे वाहक घोडीसाठी निर्दोष घोडा निवडून मार्ग काढता येतो. एचवायपीपी, पीएसएसएम-1 (हे दोन्ही स्नायूंचे विकार) आणि मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भूल दिल्यावर अंग धोकादायकरीत्या तापण्याचा विकार) यांना मात्र एकाच पालकाचे जनुक पुरते. असा अहवाल आला तर मी तेथेच थांबेन.

आता उंची. बॅरल रेसिंगच्या प्रमाण आखणीत पहिली दोन पिंपे एकमेकांपासून 90 फुटांवर, तिसरे त्या दोघांपासून 105 फुटांवर आणि सुरुवातीची रेषा पहिल्या दोन्ही पिंपांपासून 60 फुटांवर असते. पिंप पडले तर 5 सेकंदांचा दंड बसतो. वळणावर लहान घोड्याला फायदा मिळतो, कारण त्याचे अंग जमिनीलगत राहते आणि मागचे पाय पटकन पोटाखाली येतात. तिसऱ्या पिंपाकडे जाताना आणि शेवटच्या सरळ धावेत मात्र लांब ढांगेचा घोडा पुढे सरकतो. म्हणून आपली घोडी नेमकी कोठे वेळ मिळवते आणि कोठे गमावते, हे चित्रफीत संथ गतीने पाहून ठरवावे. भीमथडीच्या तट्टांची परंपरा असलेल्या आपल्यासारख्यांना लहान घोडे म्हणजे दुबळे घोडे नव्हे, हे सांगावे लागू नये.

स्वाराच्या वजनाचा हिशेब अधिक कडक आहे. तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) जागचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 330 ने भागावे. पौंडांत अंदाजे वजन मिळते. घेर 66 आणि लांबी 61 इंच असेल तर ते सुमारे 805 पौंड, म्हणजे 365 किलो येते. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, असा सर्वमान्य संकेत आहे. येथे ते 73 किलो होतात. याच घडणीचे शिंगरू पाच वर्षांनी तयार होईल तेव्हा त्यावर कोण बसणार आहे? आज बारा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा सतरा वर्षांची असेल, आणि पुढे ते विकायचे झाले तरी गिऱ्हाईक हलक्या स्वारांतूनच शोधावे लागेल.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे सोळा हँडांचा घोडा निवडणे. एवढ्या मोठ्या घोड्याचे शिंगरू पोटात मावणार नाही आणि घोडी विताना मरेल, अशी भीतीही त्याबरोबर येते. 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी केंब्रिजमधून प्रसिद्ध केलेले काम येथे उपयोगी पडते. त्यांनी अवाढव्य शायर आणि चिमुकल्या शेटलंड घोड्यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर आईच्या पोटचे संकरित शिंगरू जन्मतः शेटलंड आईच्या संकरित शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचे भरले. गर्भाची वाढ आईच्या गर्भाशयाच्या आणि वारेच्या मर्यादेत राहते, हे यातून दिसले. त्यामुळे मोठ्या घोड्याची भीती बरीच कमी होते, परंतु पशुवैद्य जवळ असू नये इतकी नव्हे. लांब पाय अडकून वीण अडण्याचा धोका कोणत्याही घोडीत असतो. माझा आक्षेप वेगळ्या कारणासाठी आहे. फार विजोड जोडीतून मधल्या मापाचे सुबक शिंगरूच येईल असे नसते. आईच्या आखूड मानेवर बापाचे जड डोके, किंवा बारीक हाडांवर जड धड, असेही येऊ शकते. साडेचौदा ते पंधरा हँडांचा, घोडीसारख्याच ठेवणीचा, मजबूत हाडांचा आणि ज्याची मुले प्रत्यक्ष बॅरलवर पळालेली आहेत असा घोडा मी निवडेन. नोंदवलेल्या घोड्यांच्या मुलांना बक्षिसे देणाऱ्या पिंक बकल किंवा रुबी बकलसारख्या योजनेत त्याचे नाव असेल, तर शिंगराला किंमतही येते.

घोडी पंधराच्या पुढची आणि एकदाही न व्यालेली असेल, तर गर्भाशयाची बायॉप्सी आधी करावी. बायॉप्सीत पहिल्या, म्हणजे सर्वांत चांगल्या, श्रेणीत आलेल्या घोडीला शिंगरू होण्याची शक्यता 80 टक्क्यांच्या वर, तर तिसऱ्या श्रेणीत 10 टक्क्यांच्या खाली मानली जाते. गाभण राहिल्यास चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून जुळे नाही ना, हे पाहावेच; त्या टप्प्यावर गर्भाची एक पिशवी फोडून दुसरी वाचवता येते, पुढे ते अवघड होते. फेस्क्यू गवताच्या कुरणातून शेवटचे तीन महिने तिला बाहेर ठेवावे, कारण त्यातील बुरशीमुळे वार जाड होते आणि दूध उतरत नाही.

पळती घोडी थांबवायची नसेल तर गर्भ काढून दुसऱ्या घोडीत ठेवता येतो, आणि ती दुसरी घोडी मोठी असेल तर शिंगरूही थोडे मोठे जन्मते. मात्र खर्च बराच वाढतो. अकरा महिने गाभण काळ आणि पुढे चार वर्षे, एवढ्या मुदतीचा दाणा-वैरण, नालबंदी आणि प्रशिक्षण यांचा खर्च एका कागदावर लिहून तो तयार चार वर्षांच्या घोड्याच्या किमतीशी ताडून पाहावा. बहुतेक घरांसाठी विकत घेणे स्वस्त पडते. बॅरल रेसिंगची नामवंत स्वार शार्मेन जेम्स हिने 1984 ते 1993 अशी सलग दहा जागतिक विजेतेपदे ज्या स्कॅम्परवर मिळवली, तोही घरच्या पैदाशीचा नव्हता. विकत घेतलेला, खच्ची केलेला घोडा होता.

एवढे सर्व तपासूनही उत्तर होकारार्थी आले, तर नोव्हेंबरमध्येच तयारीला लागावे. शर्यतीच्या नोंदींत शिंगराचे वय 1 जानेवारीपासून मोजले जाते, त्यामुळे जूनमध्ये जन्मलेले शिंगरू चार-पाच महिन्यांनी मोठ्या सोबत्यांच्या रांगेत उभे राहते, आणि लहान चणीच्या घराण्याला तो तोटा परवडत नाही. 1 डिसेंबरपासून रोज सूर्यास्तानंतर तबेल्यात दिवा लावून एकूण सोळा तास उजेड मिळेल असे पाहिले, म्हणजे सुमारे साठ दिवसांनी, फेब्रुवारीच्या आसपास, घोडी नियमित माजावर येऊ लागते.